संगमावरचा हिवाळा

लिहायचं जुमानो आणि म्हणायचं हुमानो, कारण स्पॅनिशमध्ये त्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'ह' होतो. ही दुरुस्ती माझ्या भाच्याने मला पहिल्याच दिवशी सांगितली. तो पश्चिम टेक्सासमध्ये मिडलंडला असतो, तेलविहिरींच्या कामात आहे, आणि गेली काही वर्षं त्याला या मुलखाच्या जुन्या कागदपत्रांचं वेड लागलं आहे. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे त्याचं पुढचं वाक्य मला लागलं.

"मावशी, नाव नीट म्हणालीस म्हणून माणसं सापडतील असं समजू नकोस. हुमानो नावाचा एक समाज होता की नाही, इथूनच वाद आहे. त्यांची पारंपरिक जीवनपद्धती म्हणून जे सांगतात ते सगळं कागदावर रचलेलं आहे."

"कोणाच्या कागदावर?"

"स्पॅनिश लोकांच्या. हुमानोंच्या स्वतःच्या हातचं लिहिलेलं काही नाही."

"मग त्यांचा मुलूख दाखव," मी म्हटलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो, मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या प्रेसिडिओ गावाकडे. तिथे रिओ ग्रान्दे आणि काँचोस या नद्या मिळतात. स्पॅनिशांनी त्या जागेला नाव दिलं ला हुंता, म्हणजे संगम.

मिडलंड सोडल्यावर तास-दीड तास सपाट माळ आणि त्यावर वरखाली डोकी हलवणारे तेलाचे पंप. तेवढ्या वेळात भाच्याने आपली बाजू मांडून टाकली, आणि ती कच्ची नव्हती.

"१५८२ मध्ये अंतोनिओ दे एस्पेहोची मोहीम संगमावर आली. तिथल्या लोकांना एस्पेहो हुमानो म्हणतो. त्याच मोहिमेत रोजनिशी लिहिणारा दिएगो पेरेस दे लुहान त्याच लोकांना ओतोमोआको आणि आब्रियाचे म्हणतो. त्यांचं तिसरं नाव पाताराबुएये. ते तर खाणींसाठी गुलाम धरायला येणाऱ्या टोळ्यांनी पाडलेलं. पुढच्या वर्षी हीच मोहीम परतताना पेकोस नदीवर आली. तिथे शिकारीला निघालेले तिघे भेटले, त्यांना लुहान हुमाना म्हणतो. १५९८ नंतर न्यू मेक्सिकोत मिठाच्या सरोवरांजवळची मोठी गावं, मजल्यांची घरं, लोकांच्या तोंडावर पट्टे. झालं, तेही हुमाना. १७५० च्या सुमारास पार उत्तरेकडचे विचिता लोक, तेही गोंदलेले, म्हणून त्यांनाही तेच नाव. आता यातला तुझा समाज कुठला?"

"भाषा?"

"तीही ठरत नाही. कार्ल सावर म्हणाले, उतो-अ‍ॅझ्टेक कुळातली. जॅक फोर्ब्स म्हणाले, अपाची जमातीच्या भाषेच्या जवळची. नॅन्सी हिकर्सन यांनी १९९४ मध्ये हुमानोंवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांच्या मते तानोआन कुळातली. तीन विद्वान आणि तीन कुळं."

मी त्याला एक गोष्ट तिथेच देऊन टाकली. तोंडावर पट्टे दिसले की एकच नाव लावायचं, ही परक्या अंमलदाराची सवय. गोंदणावरून समाज ठरवायचा तर निम्मं जग एका जातीचं होईल. विचिता वेगळे, हे मला मान्य. पण माझा प्रश्न दुसराच होता.

"हे लोक वर्षभर कुठे कुठे असत, ते सांग. पेरणीला कुठे, शिकारीला कुठे, थंडीत कुठे?"

"त्याने काय होणार?"

"अरे, मी सांगोल्याची. कोरडवाहू गावातली. आमच्या गावात कोण कोण होतं हे मला नावांच्या यादीवरून नाही आठवत. कोण कधी गावाबाहेर पडायचं आणि कोण कधी परतायचं, त्यावरून आठवतं."

तो गप्प बसला. पटलं होतं असं नाही, पुढे वळण होतं.

बॅलमोरे गावाजवळ सॅन सॉलोमन नावाचे झरे आहेत. भोवती ओसाड माळ आणि मधोमध जमिनीतून एवढं पाणी वर येतं की १९३० च्या दशकात त्याच्यावर प्रचंड तलाव बांधला आणि ओसंडलेलं पाणी पाटाने शेतांना दिलं. पाणी इतकं नितळ की वीस फुटांवरचा तळ दिसतो. लहान मासे पायांना टोचून जातात. मी काठावर बसले आणि उठायला तयार नव्हते. दुष्काळी भागातल्या माणसाला जिवंत झरा दिसला की तो आधी हात घालून बघतो, मग बोलतो.

हे टोया ओढ्याचं खोरं. ऑगस्ट १५८३ मध्ये त्या तीन शिकाऱ्यांनी एस्पेहोच्या लोकांना याच खोऱ्यातल्या आपल्या वस्तीवर आणलं. खायला मासे दिले, भोपळे दिले, निवडुंगाची बोंडं दिली.

"ही वस्ती म्हणजे नुसता तळ," भाचा म्हणाला. "उन्हाळ्यापुरता. आज इथे, उद्या तिथे. याला काय जीवनपद्धती म्हणायची?"

"ते तिघे पुढे काय करतात?"

"वाट दाखवतात. मोहीम पेकोस नदीच्या काठाने खाली चालली होती. यांनी सांगितलं, ही नदी तुम्हाला भलतीकडे नेईल. आणि डोंगरांतून पायवाटेने थेट संगमावर नेऊन सोडलं."

"किती अंतर?"

त्याने फोनवर पाहिलं. "आपल्या रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास."

"पाण्याचं एकेक ठिकाण माहीत असल्याशिवाय हे अंतर ऑगस्टमध्ये पायी कापता येणार नाही. ज्याला पेकोसवर शिकार कुठे मिळते ते कळतं, टोयावर मासे कुठे ते कळतं आणि संगमाची वाट तोंडपाठ असते, त्याचं घर या तिन्ही जागा मिळून आहे. तू घर म्हणजे चार भिंती धरून चालला आहेस."

"आणि तू वाट म्हणजेच घर म्हणतेस. एवढ्यावरून शोधून काढलेला समाज तुला हवा तसाच दिसणार ना?"

हा टोमणा नव्हता, खरी हरकत होती. तिचं उत्तर माझ्याकडे त्या घटकेला नव्हतं.

मार्फा गाव मागे पडल्यावर रस्ता उतरू लागतो. एका उतारावर मी गाडी थांबवायला लावली, कारण बाहेर माझ्या ओळखीची झाडं दिसत होती. फड्या निवडुंग. घायपाताच्या कुळातली बुटकी, अणकुचीदार लेचुगिया. आणि मेस्कीट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. सांगोल्याच्या कुठल्याही बांधावर उभं राहा, हीच सोबत दिसेल. ती आपल्याकडची नव्हेच. अमेरिका खंडातून आली आणि आपल्या माळांवर पसरली. मका, मिरची, घेवडा आपण ताटात घेतले. ही तीन मात्र कुंपणाला, दोरखंडाला आणि जळणाला लावली. वेड्या बाभळीच्या शेंगा आमच्याकडे शेळ्या खातात. इथे माणसं त्याच शेंगा उखळात कुटून त्यांचं गोडसर पीठ करत आणि ते साठवून ठेवत.

घायपातवर्गीय झाडांचं तर पूर्ण पाकशास्त्र होतं. पानं छाटून आतला गड्डा काढायचा. तो कच्चा खाल्ला तर तोंड भाजेल. म्हणून जमिनीत खड्डा करायचा, त्यात लाकडं पेटवून त्यावर दगड रचायचे, दगड लालबुंद तापले की त्यांवर ओला पाला, पाल्यावर गड्डे, पुन्हा पाला आणि वर माती. दोन दिवस उघडायचं नाही. आत हळूहळू तो गड्डा गोड होतो. मग गड्डे कुटून, थापून, उन्हात वाळवून त्यांच्या वड्या बांधायच्या. वड्या महिनोन् महिने टिकतात आणि चालताना खाता येतात. पश्चिम टेक्सासभर अशा भट्ट्यांतल्या फुटक्या, जळक्या दगडांचे ढीग आजही पडलेले आहेत, त्यांतले कित्येक हजारो वर्षांचे.

"मग हे हुमानोंचं कसं?" भाच्याने बरोबर पकडलं. "हजारो वर्षांपूर्वीचे लोक करत होते, अपाची करत होते, सगळेच करत होते."

"बरोबर. एकट्या हुमानोंचं म्हणून फार थोडं आहे. त्यांनी काय एकत्र बांधलं, ते त्यांचं."

"काय एकत्र बांधलं?"

"ते संगमावर सांगते."

प्रेसिडिओला दुपारी पोचलो. थंडीचे दिवस असूनही ऊन चटका देत होतं. संगम पाहून आधी फसल्यासारखं झालं. उत्तरेकडून येणाऱ्या रिओ ग्रान्देचं पाणी वरच धरणांनी आणि पाटांनी उचललेलं, त्यामुळे ती इथे पोचते तेव्हा जेमतेम ओघळ असते. खरी नदी मेक्सिकोतून येते, काँचोस. पुढे शेकडो किलोमीटर जी रिओ ग्रान्दे वाहते ती मुख्यतः काँचोसच्या पाण्यावर. समोर पलीकडे ओहिनागा हे मेक्सिकोचं गाव, मध्ये पूल, पुलावर तपासणी.

पण काठची जमीन पाहिली आणि मला कळलं. पूर येतो, गाळ टाकून जातो, पाणी ओसरलं की त्या ओलीवर पेरायचं. उजनीच्या काठी आमच्याकडे हेच चालतं, त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. इथे इ.स. १२०० च्या सुमारापासून मका, घेवडा, भोपळा होत होता. भोवताली शेकडो किलोमीटरच्या वाळवंटात शेती जमेल अशी ही मोजक्या जागांपैकी एक.

घरंही ओळखीची निघाली. १९३० च्या दशकात चार्ल्स केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेसिडिओलाच जुनी वस्ती खणली. अर्धं घर जमिनीत, अर्धं वर. लाकडी मेढी, कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंती आणि वर सपाट छप्पर. स्पॅनिशांनीही तसंच लिहून ठेवलं आहे. आमच्या सोलापूरकडे याला सरळ धाब्याचं घर म्हणतील.

"आता तूच अडकलीस," भाचा म्हणाला. "केलींचंच म्हणणं आहे की ही घरं, ही शेती पाताराबुएयांची. ते इथेच राहणारे. हुमानो फिरते, ते फक्त हिवाळ्यात इथे यायचे. म्हणजे दोन वेगळे समाज. तू एकाची शेती आणि दुसऱ्याची वाट जोडून तिसराच समाज बनवते आहेस."

मी त्याला खोऱ्याभोवतीचे उंचवटे दाखवले. अशा उंचवट्यांवर दगडांची कडी सापडतात, एका झोपडीएवढी, आत शिरायला अरुंद फट. काठ्यांची घुमटी उभी करून वर कातडी किंवा गवत टाकत असणार, तिचा हा पाया. रॉबर्ट मॅलूफ या पुरातत्त्वज्ञांनी अशा वस्त्यांचा माग काढला. त्या १३व्या-१४व्या शतकापासून १७व्या शतकापर्यंत चालू होत्या. खाली धाब्याची घरं, वर दगडी कडी, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, तीन-चारशे वर्षं.

"तीन-चारशे वर्षं कोणी पाहुणा म्हणून येत नाही," मी म्हटलं. "खालचे आणि वरचे वेगळे होते, कबूल. पण खालच्यांना कातडं, मांस, मीठ हवं होतं आणि वरच्यांना मका. १५३५ ची गोष्ट तूच मला पाठवली होतीस."

ती गोष्ट काबेसा दे वाकाची. १५२८ मध्ये होडी फुटून तो टेक्सासच्या किनाऱ्याला लागला आणि सात-आठ वर्षांनी चौघे जण चालत मेक्सिकोला पोचले. वाटेत त्याला जे 'गायींचे लोक' भेटले ते बहुधा याच भागातले. गायी म्हणजे बायसन. इथे त्याने घेवडा आणि भोपळे खाल्ले, पण शेतात मका दिसला नाही. का पेरला नाही, असं त्याने विचारलं. दोन वर्षं पाऊस नाही, पेरलेलं बी जमीन पोखरणारी जनावरं खाऊन गेली. तुम्ही आकाशाला पाऊस पाडायला सांगा, मग पेरू, असं ते म्हणाले. आणि घरात जो थोडा मका होता तो मावळतीकडून आणलेला होता. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते. बियाणं घरात ठेवून आभाळाकडे पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. हा मजकूर परक्याने लिहिला असला तरी त्यातलं वाक्य त्या शेतकऱ्याचंच आहे, हे मला कोणी पटवून द्यायला नको.

त्यांचा स्वयंपाकही त्याने लिहून ठेवला आहे. मोठा सुका भोपळा अर्धा पाण्याने भरायचा. बाजूला जाळात दगड टाकायचे. तापले की लाकडी चिमट्याने उचलून भोपळ्यातल्या पाण्यात सोडायचे. पाणी चरचरतं आणि उकळू लागतं. मग त्यात शिजवायचं ते घालायचं. पाणी निवायला लागलं की थंड दगड बाहेर, गरम दगड आत, शिजेपर्यंत. भांडं जाळावर चढतच नाही, म्हणून जळत नाही. वजनाला हलकं, पाठीवर घेऊन दोनशे किलोमीटर चालता येतं, फुटलं तर नवीन वेलीवर लागलेलंच आहे.

"पण," भाचा सावकाश म्हणाला, "संगमावरच्या उत्खननात मडकीही सापडतात. जुन्या थरांतली जवळपास सगळी बाहेरची, एल पासोकडची, चिवावाकडची."

"म्हणजे कोणीतरी आणत होतं."

"हो. कोणीतरी आणत होतं."

मला वाटतं, वादाचं वळण तिथे लागलं. आम्ही काठावर डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि मग तो ज्याच्याबद्दल बोलायचं इतका वेळ टाळत होता तो माणूस आला. हुआन साबेआता.

ऑक्टोबर १६८३. तीन वर्षांपूर्वी पुएब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना न्यू मेक्सिकोतून हाकललं होतं, गव्हर्नर एल पासोला येऊन बसला होता. त्याच्यासमोर साबेआता उभा राहिला. मेक्सिकोतल्या पार्रालला बाप्तिस्मा घेतलेला, म्हणून हुआन. त्याची जबानी लेखनिकाने उतरवून घेतली. आपण हुमाना जातीचे आणि संगमावर राहतो, असं त्याने सांगितलं. आपल्याशी मैत्री आणि देवघेव असलेल्या तीसपेक्षा जास्त लोकांची नावं त्याने एकामागून एक घेतली, पार पूर्वेच्या तेहासपर्यंत. त्या तेहासवरूनच पुढे टेक्सास हे नाव पडलं.

"हे वाचलं होतंस ना तू?" मी विचारलं.

"वाचलं होतं. पण दुभाषा, लेखनिक, गव्हर्नर एवढ्या चाळण्यांतून आलेली जबानी ती. हुमाना हा शब्द त्याच्या तोंडचा की लेखनिकाच्या, काय सांगावं?"

"शब्द सोड. यादी कोणाची?"

यादी लेखनिकाची असूच शकत नव्हती. त्या वेळी कुठल्याही स्पॅनिशाला ती माहिती नव्हती. आणि या यादीतच त्या लोकांचं वर्ष आहे. थंडीत संगमावर. ऊन तापायच्या आत पूर्वेला, टेक्सासमधल्या काँचो आणि कोलोरॅडो नद्यांकडे, बायसनच्या कळपांमागे. तिथून आणखी पूर्वेला तेहासांच्या मुलखात, जिथे अनेक जमाती देवघेवीला जमत. आणि पानगळीच्या सुमारास परत. बरोबर कातडी, सुकं मांस, मीठ, पिरोजा, पिसं, आणि बायसनच्या स्नायूंचं अस्तर दिलेली धनुष्यं, जी स्पॅनिशांनाही तुर्की धनुष्यांसारखी ताकदवान वाटली. या सगळ्यामागची मेहनत कागदांत नाही. एक कातडं खरवडायचं, जनावराचा मेंदू चोळून मऊ करायचं, ताणायचं, धुरावर धरायचं, यात दिवसच्या दिवस जात, आणि मैदानी मुलखात ते काम मुख्यतः बायकांच्या हातचं होतं. स्पॅनिशांनी कातड्यांची गणती लिहिली, हात कोणाचे ते लिहिलं नाही.

"आता 'पारंपरिक'चं सांग," भाचा म्हणाला. "१५८३ मध्ये हे लोक पायी होते. शंभर वर्षांनी साबेआताचे लोक घोडे विकत होते. घोडा तर स्पॅनिशांनी आणलेला. मग पारंपरिक म्हणजे कुठल्या सालचं?"

इथे त्याने माझी चूक दाखवली, आणि ती मी मान्य केली. शाळेत मी 'पारंपरिक जीवन' असा धडा शिकवत आले: घरे, अन्न, वस्त्र, सण, जणू काही कोणी तो देखावा काचपेटीत मांडून ठेवला आहे. हुमानोंच्या बाबतीत तसा धडा लिहिता येणार नाही. त्यांची परंपरा म्हणजे जे नवीन येईल ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणं. मडकी आली, मडकी नेली. घोडे आले, घोडे नेले. पुढे बातम्याही नेल्या.

१६८६ मध्ये ला साल हा फ्रेंच दर्यावर्दी पूर्व टेक्सासमध्ये पोचला, तेव्हा तिथल्या गावात त्याला हेच लोक भेटले. फ्रेंचांनी त्यांना 'शुमान' लिहिलं आहे. त्यांच्याकडून ला सालने झाडाच्या सालीवर त्या मुलखाचा नकाशा काढून घेतला. १६८९ मध्ये फ्रेंचांची वसाहत उद्ध्वस्त झाल्यावर साबेआताने पार्रालच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना फ्रेंच मजकुराची पानं आणि जहाजाचं एक चित्र आणून दिलं, लेसच्या गळपट्ट्यात गुंडाळलेलं. आखाताच्या किनाऱ्यापासून चिवावाच्या चांदीच्या खाणीपर्यंत, वाचता न येणारा कागद त्या माणसाने न चुरगाळता आणला, कारण त्याचं मोल त्याला कळत होतं.

"तो चतुर होता," भाचा म्हणाला. "१६८३ मध्ये आकाशात क्रूस दिसल्याचं त्याने गव्हर्नरला सांगितलं. त्याच्या आधी, १६२९ मध्ये हुमानोंची माणसं न्यू मेक्सिकोतल्या इस्लेताच्या मठात पाद्री मागायला गेली, तेव्हा निळ्या वस्त्रातली बाई आम्हाला उपदेश करून गेली असं म्हणाली. स्पेनमधली मारिया दे आग्रेदा ही जोगीण तिथूनच प्रसिद्ध झाली. ज्याला जे ऐकायचं ते यांनी ऐकवलं."

"चतुर म्हणू नकोस. अपाची त्यांच्या वाटांवर उतरत होते. वाटा गेल्या की सगळंच गेलं. मदतीसाठी एका मोठ्या सत्तेकडे गेले आणि तिच्या भाषेत बोलले. याला वकिली म्हणतात."

मदत आली ती कशी? १६८४ मध्ये हुआन दोमिंगेस दे मेन्दोसाची तुकडी साबेआताबरोबर पूर्वेला गेली. मेन्दोसाचं साबेआताशी बिनसलं, जमातींच्या मोठ्या भेटीची वाट पाहत तुकडी नदीकाठी बसून राहिली, आणि त्या दीड महिन्यात तळावर ४,००० हून जास्त बायसन मारले गेले. मग तुकडी परतली. अपाचींचा बंदोबस्त झालाच नाही. न्यू मेक्सिकोतल्या त्या मिठाच्या गावांची गत त्याआधीच लागली होती. लास हुमानास नावाच्या एका गावात १६६८ च्या दुष्काळात ४५० हून अधिक माणसं उपाशी मेली, आणि पुढच्या काही वर्षांत गाव ओस पडलं. त्याचे दगडी अवशेष आज ग्रान किविरा म्हणून लोक पाहायला जातात.

साबेआताचं नाव कागदांत शेवटचं येतं १६९२ मध्ये. त्यानंतर स्पॅनिश आणि फ्रेंच स्वतःच सगळीकडे फिरू लागले, मधल्या माणसाची गरज संपली. १८व्या शतकात हुमानोंचं नाव अपाचींच्या बरोबरीने येऊ लागतं, ज्यांच्याविरुद्ध त्यांनी अनेक वर्षं मदत मागितली त्यांच्याच सोबत. शतकाच्या उत्तरार्धात तेही थांबतं.

"म्हणून सगळी पुस्तकं म्हणतात, नाहीसे झाले," भाचा म्हणाला.

मी समोर पाहत होते. पलीकडच्या तीरावर एक माणूस शेतातली माती सारखी करत होता. १८४८ च्या तहाने या नदीची सरहद्द केली. पुलावर तपासणी बसली. तरी दोन्ही काठांवर आडनावं तीच, नाती तीच. गाळपेर करणारे आणि अपाचींच्या संगतीने गेलेले, दोघांच्या वंशातली माणसं इथेच मेक्सिकन आणि टेक्सन होऊन राहिली, आणि त्यांतली काही गेल्या काही दशकांत उघडपणे सांगू लागली आहेत की आम्ही हुमानो आहोत. 'हुमानो नेशन ऑफ टेक्सास' या नावाने ती एकत्रही आली.

"हे नाव तर स्पॅनिशांनी दिलेलं," भाचा म्हणाला. आता त्याचा स्वर वादाचा राहिला नव्हता. "ज्यावर माझा सकाळपासून आक्षेप आहे, तेच त्यांनी धरलं."

"दुसरं कुठलं शिल्लक ठेवलं त्यांच्यासाठी?"

तो उठला, काठावरचा एक गुळगुळीत दगड उचलून बराच वेळ हातात धरून राहिला, मग होता तिथे ठेवला. परतीच्या वाटेवर, शाफ्टरची ओस चांदीची खाण मागे टाकताना, त्याने स्वतःहून सांगितलं की आजवर आपल्या टिपणांत 'हुमानो' हा शब्द तो अवतरणचिन्हांत लिहीत आला. ती चिन्हं आता काढणार. भाषेच्या बाबतीत मात्र त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य केलं: साबेआता घरी आपल्या माणसांशी कुठल्या भाषेत बोलायचा, यावर विद्वानांचं एकमत झालेलं नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ५७० हून अधिक जमातींची यादी आहे. टेक्सासमध्ये अशी मान्यता असलेल्या जमाती तीनच: अलाबामा-कुशाटा, किकापू आणि एल पासोजवळचे तिग्वा. हुमानोंचं नाव त्या यादीत नाही.